ता.क.मध्ये राहून गेलेला अर्ज

ताई, नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एस.वाय. बी.एस्सी.ला आहे. विषय केमिस्ट्री. पुढे संशोधनात जायची इच्छा आहे. एफ.वाय.ची परीक्षा संपल्यावर मे महिन्यात मी पुण्याच्या एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) यांच्या वेबसाइटवरून शास्त्रज्ञांचे ईमेल पत्ते काढले आणि ऐंशी-नव्वद जणांना समर इंटर्नशिपसाठी मेल टाकला. एकाचं उत्तर आलं, 'जागा नाही'. बाकीच्यांचं तेवढंही नाही. मला ६८ टक्के आहेत. इंग्रजी वाचून कळतं, बोलताना अडखळते. शिफारसपत्र मागायला गेले तर सर म्हणाले, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' त्यात काय लिहायचं ते कळत नाही. वडील एसटीत कंडक्टर आहेत. दोन महिने बाहेर राहायचं तर कुठे राहणार, किती खर्च, असं ते विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं. एका वेबसाइटवर ४,९९९ रुपयांत 'व्हर्च्युअल रिसर्च इंटर्नशिप' मिळते, सर्टिफिकेटसकट. मैत्रिणीने केली. मीही करू का? आमच्यासारख्यांना खऱ्या लॅबमध्ये घेतात का हो?

ता.क. जूनमध्ये आमच्या वाडीवरच्या बोअरचं पाणी कॉलेजात नेऊन मी हार्डनेसचं (पाण्याच्या जडपणाचं) टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालून मोजमाप, केलं होतं. ६४० आला. ऑगस्टमध्ये परत केलं तर ४१०. कुठलं खरं ते कळेना, म्हणून सोडून दिलं.

– एक विद्यार्थिनी

---

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू ता.क.मध्ये टाकलंस, आणि त्या ऐंशी-नव्वद मेलांपैकी एकातही ते नसणार, अशी माझी खात्री आहे. त्यात काय असणार ते मला न बघता सांगता येईल. 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम', मग तू कष्टाळू आहेस, तुला संशोधनाची लहानपणापासून आवड आहे, त्यांचं काम तुला फार प्रेरणादायी वाटतं, आणि संधी दिलीत तर आभारी राहीन. उन्हाळी विद्यार्थ्यांचे अर्ज चाळायचं काम मी बरीच वर्षं केलंय. असा मेल उघडला की तीन सेकंदांत बंद होतो. त्यात राग नसतो की तुच्छता नसते. त्यात धरून ठेवण्यासारखं काहीच नसतं, एवढंच.

पण 'एकाच बोअरचं पाणी मी दोनदा तपासलं, जूनमध्ये ६४० आणि ऑगस्टमध्ये ४१० मिलिग्रॅम प्रति लिटर आलं, आणि फरक पावसाचा की माझ्या हाताचा हे मला ठरवता आलेलं नाही' असं वाक्य समोर आलं असतं, तर मी खुर्चीत सरळ होऊन बसले असते. ही मुलगी कुणी न सांगता पाणी घेऊन गेली, मोजलं, परत मोजलं, आणि आकडे जुळले नाहीत तेव्हा तिने ते जुळवून टाकले नाहीत. प्रॅक्टिकलच्या जर्नलात उत्तर आधी लिहून मग रीडिंग बसवणारी मुलं शेकड्याने असतात (आणि त्यांना ते शिकवणारेही असतात). तुझं चुकलं ते फक्त 'सोडून दिलं' इथे. तेव्हा आधी त्या पाण्याबद्दल बोलू, अर्जाचं नंतर. अर्ज त्यातूनच निघणार आहे.

६४० आणि ४१० हे दोन्ही आकडे खरे असू शकतात. आपला सगळा भाग दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला आहे. पाणी त्या खडकाच्या भेगांत जितकं जास्त काळ मुरून राहतं तितकं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात विरघळत जातं. जूनच्या सुरुवातीला बोअरमध्ये असतं ते तळाशी उरलेलं जुनं पाणी. ऑगस्टपर्यंत नवा पाऊस मुरतो आणि तेच पाणी पातळ होतं. ही एक शक्यता, आणि ती चांगली गोष्ट आहे, कारण ती जमिनीबद्दल काहीतरी सांगते.

दुसऱ्या शक्यता तुझ्या टेबलावरच्या आहेत. ईडीटीए हे कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं रसायन; त्याचं टायट्रेशन पीएच १० ला, म्हणजे पाणी चांगलं अल्कधर्मी करून, करायचं असतं, म्हणून आपण पीएच स्थिर ठेवणारं अमोनियाचं बफर घालतो. कॉलेजातली बफरची बाटली बहुधा मागच्या बॅचने बनवलेली असते, बूच सैल असतं, आणि अमोनिया उडून गेलेला असतो. मग पीएच खाली येतो, एरिओक्रोम ब्लॅक टी या रंगदर्शकाचा वाइनसारखा लाल रंग स्वच्छ निळा होण्याऐवजी जांभळ्यात रेंगाळत बसतो, आणि तू मनाने कुठेतरी थांबतेस. पाणी फार जड असेल तर आणखी एक घोटाळा होतो. बफर घातल्यावर हळूहळू टायट्रेट करत बसलीस तर कॅल्शियम कार्बोनेट साखळून तळाला जातं आणि आकडा कमी दिसतो. म्हणून बफर घातल्यापासून पाच मिनिटांच्या आत टायट्रेशन उरकावं असा संकेत आहे. पाण्याची बाटली चार दिवस तशीच ठेवली असेल तर तिच्या आतल्या बाजूला पांढरा थर धरतो. तो थर म्हणजे तुझा हरवलेला हार्डनेस. आणि शेवटचं, जूनचं आणि ऑगस्टचं ईडीटीए एकाच ताकदीचं होतं का? ०.०१ मोलर असं बाटलीवर लिहिलेलं असणं वेगळं आणि तेवढं ते खरंच असणं वेगळं. ते खरंच तेवढं असेल तर १ मिलिलिटर ईडीटीए म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. ५० मिलिलिटर पाण्याला तुझं जूनमध्ये ३२ आणि ऑगस्टमध्ये साडेवीस मिलिलिटर गेलं असणार. ३२ फार झालं. पुढच्या वेळी २५ मिलिलिटर पाणी घे, त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घाल, म्हणजे टायट्रेशन लवकर संपेल आणि रंगही नीट दिसेल. हिशेब करताना दुपटीचं विसरू नकोस.

आता काय करायचं? जूनचं पाणी गेलं, ते परत येणार नाही. पण आजपासून दर पंधरा दिवसांनी त्याच बोअरची एक बाटली भरायची. मोटर चालू करून पाइपात साठलेलं पाणी वाहून जाऊ द्यायचं, बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, तारीख आणि वेळ लिहायची, आणि शक्यतो त्याच दिवशी तपासायची. ताजं बफर. दर वेळी कॅल्शियम कार्बोनेटच्या प्रमाणित द्रावणाने ईडीटीए तपासून घ्यायचं. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचंही एक रीडिंग घ्यायचं. तीन रीडिंग एकमेकांशी जुळेपर्यंत थांबायचं नाही, आणि न जुळलेली खोडायची नाहीत. जमलं तर वाडीवरच्या आडाचं पाणीही सोबत तपास. आड उथळ, बोअर खोल. पाऊस दोन्हीकडे सारखा पोचतो का ते दिसेल.

हे सगळं एका जाड वहीत, पेनने. मोबाइलमध्ये नको.

आणखी एक. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची पाणी तपासणी प्रयोगशाळा तुमच्या जिल्ह्यात आहे. एखादी बाटली तिथे दे आणि तिचाच जुळा भाऊ कॉलेजात स्वतः तपास. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण दिलेलं आहे; तुमच्या गावातल्या त्या कोण, हे ग्रामपंचायतीत चौकशी केलीस तर कळेल. त्यांच्या किटचं उत्तर, तुझं उत्तर आणि सरकारी प्रयोगशाळेचं उत्तर एका ओळीत मांडलंस की तुझा हात कितपत भरवशाचा आहे ते तुलाच दिसेल. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे हार्डनेस २०० पर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. तुझा जूनचा आकडा त्याच्याही वर आहे. वाडीवरच्या लोकांना विचार, डाळ शिजायला वेळ लागतो का, साबणाला फेस येतो का. हेही वहीत लिही.

दिवाळीपर्यंत तुझ्याकडे पाच-सहा आकडे असतील. अर्ज करायला तेवढे पुरतात.

आता ते ऐंशी-नव्वद मेल. पहिली गोष्ट, मे महिना. उन्हाळ्यात प्रयोगशाळेत कोण येणार हे बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठरलेलं असतं. मेमध्ये मुलं येऊन कामाला लागलेली असतात. लग्नाच्या मांडवात वऱ्हाड जेवायला बसल्यावर स्थळ घेऊन जाण्यासारखं झालं ते. दुसरी गोष्ट, सगळ्यांना एकच मजकूर. एकाच विभागातले शास्त्रज्ञ दुपारी एकत्र चहा पितात. 'तुलाही आला का तो मेल?' असं होतं. तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एनसीएलमध्ये कॅटॅलिसिस, पॉलिमर, सेंद्रिय संश्लेषण असं मोठं काम चालतं. नाव मोठं, तुमच्याकडून पुणेही सोयीचं, म्हणून सगळ्यांचे अर्ज तिकडे धावतात. पण तुझ्या हातात पाण्याचा प्रश्न आहे. मग पाण्याचं काम करणाऱ्यांचं दार का नाही ठोठावलंस?

नागपूरची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ साली सुरूच झाली ती पिण्याचं पाणी आणि सांडपाणी या प्रश्नांसाठी. नीरी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. हैदराबादची एनजीआरआय ही भूभौतिकी संशोधन संस्था भूजलावर बरंच काम करते, आणि तुला नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ पडतं, हे एकदा नकाशावर बघ. पुण्याच्या आयसरमध्येही रसायनशास्त्राशेजारी पृथ्वी आणि हवामान विज्ञानाचा विभाग आहे. तू त्यांच्या यादीवरून नजर फिरवलीच असशील, पण 'हे आपलं नाही' म्हणून पुढे गेली असशील. विद्यापीठांतले भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्राचे विभागही बघ. तिथे गर्दी कमी असते आणि उत्तरं लवकर येतात. मोठ्या पाटीचा सोस पहिल्या वर्षी धरू नये असं माझं मत आहे. माझ्या ओळखीतले काहीजण या मताशी भांडतात. भांडोत.

यातला एकेक माणूस निवड. सगळे मिळून सहा-सात पुरे. प्रत्येकाचा एक शोधनिबंध वाच. सगळा कळणार नाही, कळावा अशी अपेक्षाही नाही. नमुने कुठून घेतले, किती घेतले, कशाने मोजले आणि आलेखात काय दिसतं, एवढं कळलं तरी तू रांगेत पुढे गेलीस. निबंध पैसे मागत असेल तर लेखकालाच मेल करून मागता येतो. बरेचजण आनंदाने पाठवतात, आणि ओळख व्हायला ते निमित्त वाईट नाही. शिवाय शोधगंगा नावाच्या संकेतस्थळावर भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध फुकट वाचायला मिळतात. 'मराठवाडा' आणि 'भूजल' हे शब्द इंग्रजीत टाकून शोध. तुझ्याच जिल्ह्याच्या पाण्यावर कुणीतरी कधीतरी काम करून ठेवलेलं सापडण्याची बरीच शक्यता आहे. त्यांच्या तक्त्यात तुझ्या वाडीच्या जवळचं गाव सापडलं, तर तुझा आकडा त्याच्या शेजारी ठेवून बघ.

मेल इंग्रजीत लिहावा लागेल, पण मजकूर काय असावा ते मराठीत सांगते:

'आदरणीय डॉ. अमुक, मी धाराशिव जिल्ह्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकते. जूनपासून मी आमच्या वाडीवरच्या एका बोअरच्या पाण्याचा हार्डनेस ईडीटीए पद्धतीने मोजते आहे. जूनमध्ये ६४० आणि ऑगस्टमध्ये ४१० मिलिग्रॅम प्रति लिटर आला. नंतरचे आकडे सोबतच्या तक्त्यात आहेत. पहिल्या दोन वेळी मी ईडीटीए प्रमाणित केलं नव्हतं, म्हणून त्या आकड्यांवर माझा पूर्ण भरवसा नाही. तुमच्या अमुक निबंधात पावसाआधी आणि पावसानंतरचे नमुने वेगळे ठेवलेले आहेत. नमुना घेण्याआधी बोअर किती वेळ उपसावा, हे मला त्यातून शिकता आलं, पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगवेगळे मोजायची सोय आमच्याकडे नाही. येत्या मे-जूनमध्ये तुमच्या प्रयोगशाळेत आठ आठवडे काम करायची माझी इच्छा आहे. जागा नसेल तर माझा तक्ता बघून काय चुकतंय एवढं कळवलंत तरी उपयोग होईल.'

बस. खाली नाव, कॉलेज, फोन. सोबत एक पानाचा बायोडाटा आणि तो तक्ता. निबंधातून काय शिकलीस ते खरं असेल तेच लिही, माझं वाक्य जसंच्या तसं उचलू नकोस, कारण हे सदर तुझ्यासारख्या आणखीही मुली वाचतात. आणि मोबाइलवरच्या चॅटबॉटकडून मेल लिहून घेऊ नकोस. 'आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल'ने सुरू होणारे, सगळे एकाच आईची लेकरं असावीत असे मेल आता ढिगाने येतात. व्याकरण तपासायला त्याची मदत घेतलीस तर हरकत नाही. तुझी छोटी, थोडी ओबडधोबड इंग्रजी वाक्यं चालतील. प्रयोगशाळेत बोलायची इंग्रजी अशीही वेगळीच असते: 'धिस रीडिंग इज हाय, आय विल रिपीट.' तेवढी तुला येते. शिवाय तिथले अर्धेअधिक लोक तमिळ, बंगाली, तेलुगू इंग्रजी बोलत असतात.

दहा-बारा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर. दुसऱ्यांदा नको.

आता थेट मेल न करता ज्या वाटेने जाता येतं त्याबद्दल, कारण तुझ्यासाठी खरं तर तीच वाट जास्त सोयीची आहे. बेंगळुरू, नवी दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. देशभरातले शास्त्रज्ञ त्यात मार्गदर्शक असतात, दोन महिन्यांचं काम असतं, विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो. एकच अर्ज भरायचा. जाहिरात साधारण दिवाळीच्या आसपास येते, तारीख दरवर्षी थोडी पुढेमागे होते, म्हणून ऑक्टोबर लागला की आठवड्यातून एकदा अकादमीचं संकेतस्थळ बघत जा. गुणांची किमान अट असते ती नीट वाच, दहावीपासूनचे आकडे काढून ठेव. अर्जात 'तुम्हाला काय करायचंय' याचं छोटं टिपण मागतात. बहुतेक मुलं तिथे नॅनो, कॅन्सर आणि क्वांटम यांची भेळ लिहितात. तू बोअर लिही.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्यांचा एनआययूएस हा उपक्रम २००४ पासून बी.एस्सी.च्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आखलेला आहे, त्याची सूचना आली की सोडू नकोस. टीआयएफआर या मुंबईच्या मूलभूत संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी उपक्रम ऐकून असशील. रसायनशास्त्रासाठी तो मुख्यतः एम.एस्सी. आणि बी.टेक.च्या मुलांचा, तेव्हा आत्ता त्यात जीव गुंतवू नकोस. वर्गात कुणाला केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळत असेल तर त्यांना उन्हाळी प्रकल्प करणं बंधनकारक असतं आणि वर्षाच्या ८०,००० रुपयांतले २०,००० त्यासाठीच असतात. त्यांच्याकडून कळेल कोण कुठे जातंय. तुमच्या नव्या अभ्यासक्रमात ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आणि फील्ड प्रोजेक्ट आलेत. हे बोअरचं काम फील्ड प्रोजेक्ट म्हणून मान्य करून घेता आलं तर एका दगडात दोन पक्षी, विभागप्रमुखांना विचार. फक्त ओजेटीचे क्रेडिट हवेत म्हणून प्रयोगशाळेला लिहू नकोस. शिक्का मागायला आलेला माणूस लगेच ओळखू येतो.

सरांचं शिफारसपत्र. 'तूच लिहून आण' हे आळशीपणातून येतं असं दरवेळी नसतं. शंभर मुलांच्या बॅचमध्ये तुझ्याबद्दल काय लिहावं हेच त्यांना सुचत नसेल. तू पत्र लिहून नेऊ नकोस, एक कागद ने. त्यावर लिही, कुठलं प्रॅक्टिकल त्यांच्याकडे केलंस, बोअरचं पाणी कधी आणलंस, त्यांनी कधी पाहिलं, कुठे अडलीस. आणि म्हण, 'सर, तुम्ही स्वतः पाहिलंत त्यातलं दोन ओळी लिहा, बाकी चालेल.' 'ती नियमित व आज्ञाधारक आहे' अशा पत्राने काही होत नाही. 'तिने तिसऱ्यांदा बफर बदलून टायट्रेशन केलं आणि पहिले आकडे खोडले नाहीत' या ओळीने होतं, आणि ती सरांनाच लिहिता येते. सर अजिबात तयार नसतील तर ज्यांनी तुला काम करताना पाहिलंय अशा मॅडमकडे जा, पद लहान असलं तरी चालेल.

एक सावधगिरी. हल्ली बऱ्याच अर्जांत शिफारशीची लिंक थेट शिक्षकांच्या मेलवर जाते. सर मेल बघत नाहीत म्हणून काही मुलं सरांच्या नावाने स्वतःच मेल आयडी काढून पत्र भरतात. असलं काही करू नकोस, सर 'कर' म्हणाले तरी. त्यांच्याशेजारी बसून, त्यांच्या मोबाइलवर, त्यांच्याकडून भरून घे. मुदतीच्या आधी दहा दिवस.

६८ टक्क्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. काही ठिकाणी चाळणीत अडकशील, काही ठिकाणी नाही. दुसऱ्या वर्षी वाढव.

आता बाबांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. त्यांना 'बघू' असं उत्तर देऊ नकोस. अकादमीची शिष्यवृत्ती मिळाली तर विद्यावेतनात काटकसरीने भागतं. थेट एखाद्या शास्त्रज्ञाने बोलावलं तर पैसे मिळतीलच असं नाही. काही सरकारी प्रयोगशाळा उलट प्रशिक्षणार्थींकडून शुल्क घेतात. ते संस्थेच्या खात्यावर आणि पावतीवर असेल तर त्यात काळंबेरं नाही. म्हणून होकार आला की त्याच दिवशी तीन गोष्टी विचार: विद्यावेतन आहे का, शुल्क आहे का, मुलींच्या वसतिगृहात जागा मिळेल का. विचारायला लाजायचं नाही, हे प्रश्न सगळेच विचारतात. कॉलेजकडून बोनाफाईड आणि प्राचार्यांचं ना हरकत पत्र लागतं. रुजू व्हायच्या दिवशी बाबांना सोबत घेऊन जा. वसतिगृह, गेटवरचा रखवालदार, मेस, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की निम्मी काळजी मिटेल. दुसरी निम्मी मिटत नाही, ती आईबापांना असायचीच.

वसतिगृह नसेल आणि खर्च झेपत नसेल तर यंदा जाऊ नकोस, आणि त्यात कमीपणा मानू नकोस. तोच आठ आठवड्यांचा काळ घरी राहून एप्रिल-मेच्या बोअरला दे. त्या महिन्यांतलं पाणी सगळ्यात जड असणार, आणि पुढच्या अर्जात पूर्ण वर्षाचा तक्ता असेल.

'आमच्यासारख्यांना घेतात का?' घेतात. पण डोळ्यांसमोर चित्र खरं ठेव. पहिला पंधरवडा काचेची भांडी धुण्यात आणि कुणा पीएच.डी.च्या मुलीच्या मागे उभं राहून बघण्यात जाईल. ज्यांनी तुला घेतलं ते शास्त्रज्ञ आठवड्यातून एकदा दिसतील. ज्या मुलीच्या मागे तू उभी असशील तिच्याकडूनच सगळं शिकशील, तेव्हा तिच्याशी चांगलं राहा, आणि तिचं एखादं पिपेट फुटलं तर लगेच सांग.

राहिलं ते ४,९९९चं सर्टिफिकेट. नको. घरी बसून व्हिडिओ बघितल्याचा तो दाखला आहे. अर्ज वाचणाऱ्याला ते कळतं आणि बायोडाट्यावर तो दिसला की बाकीच्या ओळींवरचाही विश्वास थोडा कमी होतो. त्यातल्या थोड्याशाच पैशांत ईडीटीएची बाटली येते, पण तीही विकत घ्यायची गरज नाही. कॉलेजच्या कपाटात असेलच. कपाटाची किल्ली लॅबच्या मामांकडे असते, आणि ताजं बफर कुणासाठी बनवायचं हेही तेच ठरवतात. उद्या जाशील तेव्हा आधी त्यांच्याशी बोल.